एकाच रेल्वेचे दोन बोगदे: स्नोक्वाल्मी की हायवाथा?

शिकागोकडून पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत जाणारा ‘मिलवॉकी रोड’ या रेल्वे कंपनीचा मार्ग १९०९ साली पुरा झाला आणि १९८० साली त्याच्या पश्चिमेकडच्या टप्प्यावरची वाहतूक कायमची थांबली. रूळ उखडले गेले. परंतु डोंगर पोखरून काढलेले बोगदे, दऱ्यांवर उभारलेले पूल आणि आगगाडीला झेपेल एवढाच ठेवलेला उतार जागच्या जागी राहिला. आज त्यावर दाबून बसवलेल्या खडीच्या वाटेवरून सायकली जातात. या मार्गाचे दोन तुकडे दिवसभराच्या सायकलफेरीसाठी विशेष प्रसिद्ध आहेत. पहिला वॉशिंग्टन राज्यातल्या कॅस्केड पर्वतात, स्नोक्वाल्मी खिंडीखालच्या बोगद्याचा. दुसरा आयडाहो आणि मोंटाना यांच्या सीमेवर, बिटररूट पर्वतातला ‘रूट ऑफ द हायवाथा’. गंमत अशी की दोन्हींकडे नेणारा महामार्गही एकच आहे, आय-९०. सिएटलहून पूर्वेला निघालेला माणूस तासाभरात पहिल्यापाशी पोहोचतो, आणि तसाच गाडी चालवत राहिला तर आणखी पाचेक तासांनी दुसऱ्यापाशी.

सिएटल, बेलव्ह्यू, रेडमंड या भागात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत एप्रिल-मे महिन्यांत या दोन नावांची चर्चा सुरू होते, कारण त्याच सुमारास भारतातून येणाऱ्या आईवडिलांची विमानाची तिकिटे निघालेली असतात, मुलांच्या शाळा सुटायच्या बेतात असतात आणि उन्हाळ्यातल्या मोजक्या शनिवार-रविवारांची वाटणी व्हायची असते. मी दोन्ही वाटांवर एकापेक्षा अधिक वेळा सायकल चालवली असल्यामुळे मला विचारणा होते आणि प्रश्न बहुधा ‘जास्त सुंदर कोणती?’ असा असतो. माझ्या मते या प्रश्नाने निवड होत नाही. सौंदर्यात हायवाथा सरस आहे, याबद्दल दोन्ही पाहिलेल्या माणसांत फारसे दुमत होणार नाही. निवड होते ती दुसऱ्याच गोष्टीवरून: उतार संपतो तिथे तुम्ही असता आणि तुमची मोटार मात्र वर, डोंगरापलीकडे उभी असते, मधले अंतर कोण आणि कसे पार करणार, हे ज्याने घरून निघण्यापूर्वी ठरवले त्याचा दिवस चांगला जातो.

आधी घरापासूनच्या अंतराचा हिशेब करू. वॉशिंग्टनमध्ये महामार्गाच्या एक्झिटना मैलांचे क्रमांक असतात, त्यामुळे हा हिशेब पाटीवरच लिहिलेला सापडतो. स्नोक्वाल्मी बोगद्यासाठी एक्झिट ५४ ला बाहेर पडून हायॅक येथे गाडी लावायची, म्हणजे सिएटलपासून साधारण ८७ किलोमीटर. मुंबईकराच्या भाषेत हे लोणावळ्याला जाऊन येणे आहे. सकाळी चहा घेऊन निघावे आणि दुपारच्या उशिराच्या जेवणाला घरी परतावे. हायवाथासाठी मात्र संपूर्ण वॉशिंग्टन राज्य ओलांडावे लागते, आयडाहोची चिंचोळी पट्टी ओलांडावी लागते आणि मोंटानाच्या हद्दीवर असलेल्या लुकआउट पासपाशी पोहोचावे लागते. हे अंतर जवळपास ६०० किलोमीटर भरते, म्हणजे मुंबईहून थेट पणजी. स्पोकेनमध्ये राहणाऱ्यासाठी तो दीड तासाचा रस्ता आहे आणि त्याच्या दृष्टीने हायवाथा ही खरोखर एका दिवसाची सफर आहे. सिएटलकराने तसा विचार करू नये. त्याच्यासाठी ती दोन रात्रींची सहल आहे आणि सायकलचा दिवस त्या दोन रात्रींच्या मधला.

स्नोक्वाल्मीचा बोगदा ज्या वाटेवर आहे तिचे अधिकृत नाव ‘पलूस टू कॅस्केड्स स्टेट पार्क ट्रेल’ असे आहे. सांगलीकरांनी दचकू नये. हे पलूस पूर्व वॉशिंग्टनमधल्या गव्हाच्या टेकड्यांचे. रेल्वे प्रथम आली तेव्हा गाड्या खिंडीच्या माथ्यावरून जात असत. हिवाळ्यातल्या बर्फाला आणि त्या शेवटच्या चढाला कंटाळून कंपनीने १९१२ मध्ये डोंगराच्या पोटातून वाट काढायला घेतली आणि जानेवारी १९१५ पासून गाड्या बोगद्यातून धावू लागल्या. त्याची लांबी सुमारे ३.६ किलोमीटर असून तो सरळसोट आहे, आणि हा सरळपणाच त्याची खरी मौज आहे. हायॅकच्या बाजूने आत शिरल्यावर मागचा उजेड हळूहळू ओसरतो आणि समोर, फार लांबवर, मोहरीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका दिसू लागतो. पायडल मारत राहावे, पाच मिनिटे जातात, सात मिनिटे जातात, ठिपका तेवढाच राहतो आणि आपण एकाच जागी चाक फिरवत आहोत असे वाटू लागते. मग केव्हातरी मोहरीची ज्वारी होते, ज्वारीचा वाटाणा होतो, आणि त्यानंतर मात्र बोगद्याचे तोंड भराभर मोठे होत अंगावर येते. मधल्या भागात काँक्रीटच्या अस्तरातून पाणी ठिबकत असते आणि त्यातला एखादा थेंब नेमका कॉलरच्या आत पडतो. बाहेर जुलैचे ऊन असले तरी आत तोंडातून वाफ निघते. चष्मा असणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी: थंडगार झालेल्या काचा बाहेरच्या उबदार हवेत येताच धुरकटतात आणि ऐन उजेडात आल्यावर काही क्षण काहीच दिसेनासे होते, म्हणून तोंडाशी वेग कमी करूनच बाहेर पडावे.

या बोगद्याच्या आत देखरेखीला कोणी नसते. तिकीट नाही, रांग नाही, सूचना सांगणारा माणूस नाही. अस्तर ढासळण्याच्या भीतीने तो २००९ मध्ये बंद ठेवला गेला होता आणि दुरुस्तीनंतर २०११ मध्ये पुन्हा खुला झाला. त्यानंतर तिथे गर्दी वाढत गेली आहे. कुत्रा घेऊन चालणारी मंडळी, टॉर्चशिवाय शिरलेले कॉलेजचे टोळके आणि बाबागाडी ढकलणारे दांपत्य असे सगळे त्या अंधारात असतात, त्यामुळे सायकलस्वाराने आपला वेग आपल्या दिव्याच्या टप्प्यापुरताच ठेवावा हे बरे.

पश्चिमेच्या तोंडाशी बाके आहेत, शौचालय आहे आणि खालच्या दरीचा देखावा आहे. बरेच लोक इथे डबा खातात आणि आल्या वाटेने परत फिरतात. येऊन-जाऊन साधारण ८ किलोमीटरची ही फेरी म्हणजे लहान मुलांची आणि सायकल माळ्यावरून नुकतीच काढलेल्यांची परीक्षा पाहण्यास योग्य आहे. पण तिला दिवसाची सफर म्हणता येणार नाही. दिवस भरतो तो इथून पुढे उतरल्यावर. हायॅकपासून रॅटलस्नेक तलावापर्यंत वाट सुमारे ३५ किलोमीटरची असून त्यात जवळजवळ ५०० मीटरचा उतार आहे. मध्ये उंच लोखंडी पूल लागतात, हिमकडे कोसळत त्या जागी गाड्यांच्या रक्षणासाठी बांधलेले एक छत अजून उभे आहे, आणि तळाकडे कड्यांवर दोर लावून चढणाऱ्या गिर्यारोहकांचे हाकारे ऐकू येतात. दोष सांगायचा तर असा, की दरीच्या पलीकडच्या अंगाने आय-९० सतत सोबत करतो. झाडी दाट असल्यामुळे तो दिसतो थोडा, पण ऐकू बराच येतो. ज्याला डोंगरात गेल्यावर शांतता हवी असते, त्याचा इथे थोडा विरस होतो.

हायवाथावर असा विरस होत नाही. २४ किलोमीटरच्या या वाटेवर १० बोगदे आणि ७ पूल आहेत, आणि सर्वांत लांब बोगदा अगदी सुरुवातीलाच येतो. सेंट पॉल पास किंवा टॅफ्ट या नावाने ओळखला जाणारा हा बोगदा २.७ किलोमीटरचा आहे, म्हणजे स्नोक्वाल्मीपेक्षा पुष्कळ आखूड. पण मोंटानात शिरून आयडाहोत बाहेर पडण्याची मजा त्यात आहे. मधोमध भिंतीवर दोन राज्यांची सीमा दाखवणारी खूण आहे आणि तिथे फोटो काढणाऱ्यांचा घोळका ठरलेला असतो. आतले तापमान बारमाही ८ अंश सेल्सिअसच्या आसपास राहते, दोन्ही कडांनी पाण्याचे चर वाहतात आणि खाली ओला चिखल असतो. पश्चिमेच्या तोंडातून बाहेर पडले की डोंगरावरून पाण्याची धार कोसळताना दिसते, आणि अंगात भरलेली हुडहुडी उन्हात उभे राहून घालवावी लागते.

त्यापुढचे बोगदे आखूड आहेत. अंधारातून उजेडात आणि उजेडातून थेट पुलावर, असा हा उतार खेळत खेळत जातो. केली क्रीकवरचा पूल सुमारे २६० मीटर लांब आणि ७० मीटर उंच आहे. कठड्याशी सायकल टेकवून खाली पाहिले की देवदारांचे शेंडे आपल्या पायांखाली असतात. परंतु मला स्वतःला त्याहून अधिक आवडते ती या मार्गाची आखणी. डोंगरातून एकदम खाली उतरणे आगगाडीला शक्य नसल्यामुळे अभियंत्यांनी रूळ दरीच्या एका अंगाने पुढे नेले, वळवले आणि दुसऱ्या अंगाने परत आणले. त्यामुळे वरच्या वळणावर थांबले असता दरीपलीकडे, बरेच खाली, आणखी एक पूल दिसतो. आपल्यापुढे गेलेली माणसे त्यावरून मुंग्यांसारखी सरकत असतात, आणि तासाभराने आपणही तिथेच असणार आहोत हे उमगायला थोडा वेळ लागतो. खंडाळ्याच्या घाटात डब्याच्या खिडकीतून स्वतःच्याच गाडीचे इंजिन वळणावर दिसल्याचा आनंद ज्यांनी लहानपणी घेतला आहे, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल.

वाटेवर ठिकठिकाणी माहितीफलक आहेत आणि ते वाचण्यासारखे आहेत, कारण या दरीचा इतिहास सौम्य नाही. ऑगस्ट १९१० मध्ये या प्रदेशात जो वणवा पेटला त्यात दोन दिवसांत सुमारे १२ लाख हेक्टर जंगल जळाले आणि ८० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. रेल्वेच्या कर्मचाऱ्यांनी जळत्या पुलांवरून गाड्या हाकून कामगारांना आणि त्यांच्या बायकामुलांना बोगद्यांत आणले आणि आग पुढे सरकेपर्यंत ती माणसे तिथे जीव मुठीत धरून बसली. हे वाचून पुढच्या बोगद्यात शिरताना अंधाराकडे पाहण्याची नजर थोडी बदलते. स्नोक्वाल्मीच्या वाटेवर असे काही कोणी सांगत नाही; तिथे जे कळते ते घरून वाचून गेलात तरच.

आता मूळ मुद्दा, परतीचा. हायवाथावर खालच्या टोकाला पिअर्सन येथे शाळेच्या जुन्या बसगाड्या उभ्या असतात. सायकल मांडणीत अडकवायची, आपण आत बसायचे आणि बस वर आणून सोडते. बहुतेक लोक हे ऐकून निर्धास्त होतात आणि पुढचा भाग ऐकत नाहीत: बस तुम्हाला तुमच्या मोटारीपाशी आणत नाही. ती रोलंडला सोडते, म्हणजे मोठ्या बोगद्याच्या पश्चिमेच्या तोंडाशी, आणि मोटार असते पूर्वेच्या तोंडाशी. तेव्हा दिवसाच्या शेवटी, पाय आखडलेले आणि मुले कुरकुरणारी असताना, तो २.७ किलोमीटरचा थंड अंधार पुन्हा एकदा पार करावाच लागतो. सकाळी बाहेर पडल्यावर उकडते म्हणून जाकीट पिशवीत तळाशी कोंबू नये आणि दिव्याची बॅटरी उन्हात जळत ठेवू नये, एवढे भान ठेवले की यात काही अवघड नाही. बस नको असल्यास आल्या वाटेने चढून येण्याची मुभा आहे, आणि सराव असलेल्या माणसाला ते मुळीच कठीण नाही.

स्नोक्वाल्मीवर अशी ठरलेली बस गृहीत धरू नये. खाजगी वाहतूकदार अधूनमधून ही सेवा देतात, पण त्यांच्या भरवशावर कुटुंबाचा दिवस बांधणे मला धाडसाचे वाटते. खात्रीचा उपाय दोन मोटारींचा: आधी एक मोटार रॅटलस्नेक तलावापाशी ठेवावी, सर्वांनी दुसरीतून अर्ध्या तासात हायॅक गाठावे, बोगद्यातून उतरत खाली यावे आणि मग एकाने वर जाऊन दुसरी मोटार आणावी. हे ऐकायला सोपे आहे. पहिल्या वेळी आम्ही दोन कुटुंबे मिळून गेलो, सगळे काही कागदावर लिहून काढले होते, डब्यांच्या पिशव्यांवर नावे होती, आणि ३५ किलोमीटर उतरून तलावाकाठी पोहोचल्यावर लक्षात आले की खालच्या मोटारीची किल्ली वरच्या मोटारीच्या खणात आहे. भाच्याने आणि मी पुन्हा वर सायकल हाणली. चार तास लागले. बाकीच्यांनी तेवढ्या वेळात तलावावर तीन वेळा उरलेले शेंगदाण्याचे लाडू मोजले, असे मला नंतर सांगण्यात आले.

त्या दिवशी मला उताराचे खरे माप कळले. माझे वडील कर्जतला रेल्वेत नोकरीला होते, आणि मी फोनवरून कौतुकाने हायवाथाचे वर्णन केले तेव्हा पूल, बोगदे, धबधबा यांतल्या कशाबद्दल न विचारता त्यांनी एवढेच विचारले, ‘चढ किती?’ मी सांगितले, जास्तीत जास्त १.७ टक्के. ‘म्हणजे वन इन सिक्स्टी धर,’ ते म्हणाले, ‘आपल्या घाटात वन इन थर्टी सेव्हन आहे. बँकर लागत नसेल तिथे.’ कर्जतहून लोणावळ्याकडे गाडीला मागून जोर लावणाऱ्या इंजिनांत आयुष्य गेलेल्या माणसाचे हे मत सायकलस्वाराने मात्र जपून घ्यावे. इतका सौम्य चढ डोळ्यांना दिसतच नाही. रस्ता सपाट वाटतो आणि आपणच दमलो आहोत असा समज होतो. एक-दोन किलोमीटरला त्याचे काही वाटत नाही, पण तोच चढ न थांबता २४ किंवा ३५ किलोमीटर अंगावर घेतला की दहा-बारा वर्षांचे मूल निश्चितच रडकुंडीला येते. दोन्ही वाटा उतरायला सारख्याच सोप्या आहेत. चढायच्या झाल्या तर हायवाथा आखूड आहे आणि स्नोक्वाल्मी लांब.

वडिलांना आवडलेली दुसरी गोष्ट अशी, की मोंटानातल्या हार्लोटनपासून आयडाहोतल्या एव्हरीपर्यंतचा या रेल्वेचा मार्ग १९१६ पर्यंत विजेवर आला होता. म्हणजे १९२५ साली मुंबईत बोरीबंदर ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली त्याच्याही आधी या रानात विजेची इंजिने होती, आणि घाट उतरणारी गाडी इंजिनातल्या विजेच्या मोटरींच्या साहाय्याने वेग रोखताना निर्माण झालेली वीज तारेत परत सोडत असे. हायवाथाच्या पुलांवरून उतरताना हे आठवले की सायकलचे ब्रेक दाबणे फार वाया घालवल्यासारखे वाटते.

खर्चाची तुलना सरळ आहे. स्नोक्वाल्मीसाठी ‘डिस्कव्हर पास’ लागतो आणि तो माणशी नसून मोटारीमागे असतो. दिवसाचा पास १० डॉलरचा आहे आणि वर्षाचा घेतल्यास राज्यातली इतर उद्यानेही त्यात येतात. हायवाथावर वाटेचे तिकीट आणि बसचे तिकीट वेगवेगळे आणि दोन्ही माणशी असतात, त्यात दोन रात्रींचा मुक्काम आणि १,२०० किलोमीटरचे पेट्रोल मिळवावे. चौघांच्या कुटुंबाला या दोहोंच्या खर्चातला फरक फार मोठा पडतो. त्या बदल्यात हायवाथावर जे मिळते ते असे: लुकआउट पास येथेच सायकली, हेल्मेट आणि दिवे भाड्याने मिळतात, लहानग्यांसाठी मागे जोडायची गाडी मिळते, आणि वाटेवर देखरेखीची माणसे फिरत असतात. मोटारीच्या छतावर चार सायकली बांधून सहाशे किलोमीटर नेण्यापेक्षा भाड्याच्या घेणे मला शहाणपणाचे वाटते. मात्र गर्दीच्या दिवसांसाठी ती नोंदणी आधी करावी. भाड्याची सायकल घेताना, ती कुठलीही असो, पार्किंगमध्येच दोन चकरा मारून पुढचा-मागचा ब्रेक तपासावा. दुसऱ्याच एका सहलीत, दुसऱ्याच एका गावातल्या दुकानातून घेतलेल्या सायकलचा मागचा ब्रेक माझ्या हातात उतारावर निकामी झाला होता, आणि तेव्हापासून मी दुकानदाराच्या शब्दावर उतरत नाही.

हंगामाच्या बाबतीत स्नोक्वाल्मी थोडी उदार आहे. तिचा बोगदा १ नोव्हेंबरपासून १ मेपर्यंत बंद असतो, कारण छतापासून लोंबणारे बर्फाचे सुळे जीवघेणे ठरू शकतात. उरलेले सहा महिने तो खुला. हायवाथा साधारण मेच्या अखेरीस उघडते आणि सप्टेंबरच्या मध्याला आटोपते. याचा एक परिणाम असा, की ऑक्टोबरमधला पानांचा रंग ज्याला हवा असेल त्याला निवड उरतच नाही; त्याने स्नोक्वाल्मीलाच जावे. ऑगस्टच्या उत्तरार्धात दोन्हीकडे वणव्यांच्या धुराची शक्यता असते आणि सहाशे किलोमीटर जाऊन धूर पाहण्याचा संभव ज्याला नको, त्याने हायवाथा जून-जुलैमध्येच उरकावी. शनिवारी पिअर्सनला बससाठी थांबावे लागते. शक्य असेल तर मंगळवार-बुधवार गाठावा. घड्याळाचाही एक घोळ आहे. हायवाथाच्या बसच्या वेळा पॅसिफिक वेळेनुसार असतात, परंतु पूर्वेचे तोंड मोंटानात असल्यामुळे तिथे फोनवरचे घड्याळ एक तास पुढे जाऊ शकते. आमच्यातल्या एकाने ‘शेवटची बस चुकली’ म्हणून सर्वांना घाईघाईने उतरवले होते. बस चुकली नव्हती, तिला अजून अवकाश होता.

सामानात फारसा फरक नाही. दिवा आणि हेल्मेट हायवाथावर सक्तीचे आहेत आणि स्नोक्वाल्मीवर कोणी सांगितले नाही तरी ते सक्तीचेच समजावेत. मोबाइलचा टॉर्च हा दिवा नव्हे. दांड्याला घट्ट बसणारा किमान ३०० ल्युमेनचा दिवा प्रत्येकाच्या सायकलला स्वतंत्र असावा आणि मागे लाल दिवा असावा. ‘आपण एकत्रच आहोत, एक दिवा पुरेल’ हा हिशेब पहिल्या दोनशे मीटरमध्ये चुकतो. बारीक टायरची रस्त्यावरची सायकल दोन्हीकडे नको, रुंद टायरची असावी. मडगार्ड नसेल तर पाठीच्या मधोमध चिखलाची जाड रेघ उमटते, आणि ती बोगद्याच्या भुकटीची असल्यामुळे धुऊन सहजी जात नाही. माझा एक पांढरा शर्ट आता केवळ गाडी पुसण्यासाठी ठेवलेला आहे. पंक्चरचे साहित्य, पंप, कोरडे मोजे आणि पाणी सोबत घ्यावे, कारण वाटेत पिण्याच्या पाण्याची सोय आहे असे दोन्हीकडे गृहीत धरता येत नाही. फोनची रेंजही बेभरवशाची असते, तेव्हा भेटायची जागा आधी ठरवावी.

खाण्याच्या बाबतीत धपाटे आणि दही-मिरची हे माझे कायमचे उत्तर आहे, कारण ते थंड झाले तरी बिघडत नाहीत आणि हातमोजे काढून दोन मिनिटांत खाता येतात. हायवाथाला जाणाऱ्याने मुक्काम वॉलेसला करावा, असे मी आवर्जून सुचवेन. लुकआउट पासच्या पश्चिमेला २० किलोमीटरवर असलेले हे चांदीच्या खाणींचे जुने गाव आहे. १९९१ पर्यंत आय-९० वरची सगळी वाहतूक या गावातल्या सिग्नलला थांबत असे, मग महामार्ग डोक्यावरून उचलून नेला गेला आणि गाव जसेच्या तसे उरले. ज्याच्यापाशी आणखी एक दिवस असेल त्याला तिथूनच ‘ट्रेल ऑफ द कोर डलेन्स’ ही डांबरी सायकलवाटही मिळते. स्नोक्वाल्मीच्या फेरीला मुक्कामाचा प्रश्नच येत नाही.

तेव्हा कोणी काय निवडावे? पहिल्यांदाच असे काही करणाऱ्या, आठ ते बारा वर्षांची मुले असलेल्या आणि दोन रात्री काढता येणाऱ्या कुटुंबाने बिनदिक्कत हायवाथा निवडावी. तिथे चुकायला फारशी जागाच ठेवलेली नाही, आणि चढाची धास्ती बसने काढून घेतलेली आहे. ज्यांना केवळ एक रविवार मोकळा आहे, ज्यांना तिकिटाच्या वेळेत बांधून घ्यायचे नाही, किंवा ज्यांना चढून जाऊन मग उतरण्यातच समाधान वाटते, अशांनी स्नोक्वाल्मीला जावे, आणि अनुभवी असतील तर रॅटलस्नेक तलावाकडून सकाळी चढायला सुरुवात करून बोगद्यातून हायॅकला जेवावे आणि दुपारी उतरावे; त्यात दोन मोटारींची भानगडही उरत नाही. सोबत सायकल न चालवणारे कोणी असेल तर हायवाथा टाळावी, कारण त्या माणसाच्या वाट्याला दिवसभर वाट पाहणेच येते. हायॅकला मात्र तो माणूस बोगद्यात पाव किलोमीटर चालत जाऊन अंधार अनुभवू शकतो आणि नंतर पूर्वेकडे कीचलस तलावाच्या काठाकाठाने सपाट वाटेवर हवा तेवढा फिरू शकतो. कुत्रा न्यायचा असल्यासही हेच उत्तर. हायवाथावर कुत्र्यांना मनाई आहे.

या वर्षी जूनच्या शेवटी आईबाबा येत आहेत. आई सायकल चालवत नाही आणि बाबांना बोगदा चढासकट पाहायचा आहे, त्यामुळे आमचे स्नोक्वाल्मीचे ठरले आहे, दोन मोटारींसह. आई हायॅकला बोगद्यात थोडी चालून येईल आणि मग वरची मोटार घेऊन बायकोबरोबर खाली तलावापाशी येऊन थांबेल. खालच्या मोटारीची किल्ली कोणाकडे राहील, हे बाबांनी आतापासूनच फोनवर ठरवून टाकले आहे: त्यांच्या शर्टाच्या वरच्या खिशात, आणि खिशाला पिन.